डोळे मिटले की काय दिसतं?

१. एक हापूस आंबा

एक काम करा. हा परिच्छेद वाचून झाला की पुस्तक मांडीवर ठेवा, डोळे मिटा आणि एक पिकलेला हापूस आंबा मनात आणा. केशरी-पिवळी साल, देठाजवळचा गोल खांदा, सालीवर कुठे एखादा काळा ठिपका. दहा सेकंद पुरेत.

काय दिसलं? 'दिसलं' हा शब्द मी अगदी शब्दशः विचारतोय.

गेल्या मे महिन्यात जेवणं उरकल्यावर आमच्या घरी मी हाच प्रश्न सगळ्यांना विचारला. भाच्याला आंबा इतका लख्ख दिसला की त्यावर चिकटलेला वाळक्या गवताचा तुकडाही तो सांगू लागला. भावोजींचा आंबा धुरकट होता, येत-जात होता. आईला आधी वास आला आणि मागून आंबा. आतेबहीण, आमची ताई, मात्र म्हणाली, "डोळे मिटल्यावर काय दिसणार? अंधार!" सगळे हसले. ती हसली नाही. जरा वेळानं तिनं मला बाजूला घेऊन विचारलं, "अरे, तुम्हाला खरंच दिसतो आंबा?"

ताई बावन्न वर्षांची आहे. दिवाळीत तिच्या अंगणातली रांगोळी बघायला गल्ली लोटते. आणि बावन्न वर्षांत तिला जागेपणी मनातल्या मनात एकही चित्र दिसलेलं नाही. हे तिलाही त्या दुपारपर्यंत ठाऊक नव्हतं.

असं कसं होऊ शकतं? दोष भाषेचा आहे. 'डोळ्यांसमोर उभा राहिला', 'नजरेसमोरून हलत नाही' असं आपण उठता-बसता म्हणतो. ताईला आयुष्यभर वाटत आलं की ही नुसती बोलायची पद्धत आहे, पोटात कावळे ओरडतात म्हणतो तशी. पोटात कावळे कोणी शोधत नाही. आम्हा बाकीच्यांना वाटत होतं की ती 'आठवतंय' म्हणते तेव्हा तिलाही आमच्यासारखंच चित्र दिसत असणार. शब्द तेच होते, त्यामुळे फरक लक्षात यायला कारणच घडलं नाही.

ताईसारखी माणसं विचारतात, "माझ्यात काही कमी आहे का?" भाच्यासारखी विचारतात, "चित्रच दिसत नसेल तर माणूस आठवतो कसा, विचार करतो कसा?" दुसरा प्रश्न सुटला की पहिल्याचं उत्तर बरंचसं आपोआप मिळतं. म्हणून आपण दुसऱ्यामागे जाऊ.

२. न्याहारीचं टेबल

हा प्रश्न पद्धतशीर विचारणारा पहिला माणूस फ्रान्सिस गॅल्टन, चार्ल्स डार्विनचा आतेभाऊ-मामेभाऊ अशा नात्यातला. दिसेल ते मोजायचं हे त्याचं वेड. (याच वेडापायी पुढे त्यानं माणसांची 'वाणं' सुधारण्याचा घातक विचार मांडला, तेही विसरू नये.) त्यानं लोकांना प्रश्नावली दिली: आज सकाळी न्याहारीला बसला होतात ते टेबल मनात आणा. चित्र उजळ आहे की अंधुक? वस्तूंच्या कडा स्पष्ट आहेत का? रंग खरे वाटतात का?

डार्विननंही उत्तर दिलं. थंड मांसाचा काप, द्राक्षं, नाशपाती या वस्तू त्याला छायाचित्र समोर धरल्यासारख्या स्पष्ट दिसत होत्या. पण गॅल्टननं सुरुवातीला विचारलेल्या अनेक शास्त्रज्ञ मित्रांनी त्यालाच वेड्यात काढलं. मनातलं चित्र वगैरे सगळी अलंकारिक भाषा आहे, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे ताईचंच म्हणणं, फक्त १८८० सालच्या लंडनमधलं. त्या वर्षी गॅल्टननं 'माइंड' या नियतकालिकात हे निष्कर्ष छापले. शास्त्रज्ञांना मनात चित्रं दिसत नाहीत असा जो सरसकट सूर त्यानं लावला होता, तो पुढच्या अभ्यासांत टिकला नाही. पण लख्ख चित्रापासून कोऱ्या अंधारापर्यंत माणसं पसरलेली असतात, हे त्याचं निरीक्षण पक्कं निघालं.

तरीही सव्वाशेहून अधिक वर्षं त्याकडे फारसं कुणी वळलं नाही. १९१३ मध्ये अमेरिकेत जॉन वॉटसन यानं, मानसशास्त्रानं फक्त बाहेरून दिसणारं वागणं अभ्यासावं, मनात काय चाललंय ते विचारूच नये, असा आग्रह धरला आणि कित्येक दशकं त्याचीच चलती होती. १९७३ मध्ये डेव्हिड मार्क्स यांनी १६ प्रश्नांची एक चाचणी तयार केली. ओळखीच्या माणसाचा चेहरा, त्याची चाल, उगवता सूर्य, नेहमीचं दुकान असं एकेक मनात आणायचं आणि किती स्पष्ट दिसलं त्याला १ ते ५ गुण द्यायचे. आजच्या मोजणीत, सगळं प्रत्यक्षासारखं दिसलं तर ८०, काहीच नाही दिसलं तर १६. ही चाचणी आजही वापरतात. पण जेमतेम सोळा गुणांवर अडकलेल्या माणसाचं काय, हा प्रश्न तेव्हाही कुणी लावून धरला नाही.

३. झोपेआधीची चित्रं गेली

लावून धरला तो एका रुग्णामुळे. शोधनिबंधात त्याला 'एम.एक्स.' म्हटलंय, आपणही तेच म्हणू. वय ६५, ब्रिटनमधला निवृत्त सर्वेक्षक. रात्री झोप लागेपर्यंत मित्रांचे, नातलगांचे चेहरे आणि पाहिलेली ठिकाणं मनात आणत पडून राहायचं, ही त्याची सवय. हृदयाच्या रक्तवाहिनीवर अँजिओप्लास्टी झाली आणि त्यानंतर लवकरच एके दिवशी त्याच्या लक्षात आलं की चित्रं बंद पडली आहेत.

तो मेंदूविकारतज्ज्ञ अॅडम झीमन यांच्याकडे आला. झीमन आणि सहकाऱ्यांनी त्याच्या हर तऱ्हेच्या चाचण्या घेतल्या. नजर ठीक, बुद्धी ठीक, स्मरणशक्ती ठीक. प्रसिद्ध माणसांचे फोटो दाखवले की ओळखायचा. वस्तू कशी दिसते हे विचारलं तर वर्णन करायचा, फक्त सांगताना त्याच्यासमोर काही नसायचं. मेंदूच्या स्कॅनमध्येही तेच दिसलं. फोटो बघताना त्याचा मेंदू इतरांसारखाच काम करत होता. तोच चेहरा मनात आणायला सांगितल्यावर मात्र दृष्टीशी निगडित भाग मंद राहिले आणि कपाळामागचे भाग जास्त कामाला लागले.

एक चाचणी नीट समजून घेण्यासारखी आहे. ठोकळे जोडून केलेल्या दोन वाकड्यातिकड्या आकृत्या कागदावर असतात. एक फिरवली तर दुसरीसारखी होईल का, ते मनातल्या मनात ठरवायचं. रॉजर शेपर्ड आणि जॅकलिन मेट्झलर यांनी १९७१ मध्ये दाखवलं होतं की आकृती जितकी जास्त फिरवावी लागते तितका जास्त वेळ लागतो. थोडी तिरकी असेल तर पटकन उत्तर येतं, पार उलटी असेल तर रेंगाळत. जणू आपण आतमध्ये खरोखरच ती आकृती हातानं फिरवत असतो. एम.एक्स.ची उत्तरं बरोबर येत होती, पण वेळ मात्र कोनाबरोबर वाढत नव्हता. म्हणजे तो काहीतरी करत होता, योग्य तेच करत होता, पण फिरवत नव्हता. मला या सगळ्या हकिकतीत हा भाग सर्वांत रोमांचक वाटतो. गावाला पोचायचा दुसरा रस्ता आहे आणि एक माणूस त्या रस्त्यानं बिनचूक पोचतोय, हे मोजून सिद्ध झालं होतं.

२०१० मध्ये हा निबंध आला, एका लोकप्रिय विज्ञान मासिकात त्यावर लेख आला आणि झीमन यांना पत्रं येऊ लागली. लिहिणाऱ्यांचं म्हणणं असं: तुमच्या रुग्णाची चित्रं गेली, आमच्याकडे ती कधी नव्हतीच. अशा २१ जणांचा अभ्यास करून २०१५ मध्ये झीमन, मायकेला ड्यूअर आणि सर्जिओ डेला साला यांनी या अवस्थेला नाव दिलं: 'अफँटेशिया'. अॅरिस्टॉटल मनातल्या चित्रशक्तीला 'फँटासिया' म्हणत असे. त्याच्याआधी नकाराचा 'अ' लावला. आपल्या 'अज्ञान'मधला 'अ' आणि हा एकाच घराण्यातले. गंमत म्हणजे, आत्मा चित्रावाचून कधी विचारच करत नाही, असं त्याच अॅरिस्टॉटलनं लिहून ठेवलं होतं. उलट्या टोकाला, भाच्यासारखी चित्रं अतिशय ठसठशीत दिसणाऱ्यांसाठी 'हायपरफँटेशिया' असा शब्द आला.

अशी माणसं किती? मनात काहीच न दिसणारे साधारण शंभरात एक. अगदी पुसट दिसणारेही धरले तर शंभरात चार. एका भरलेल्या एसटीत एक-दोन जण तरी निघतील. एम.एक्स.सारखं नंतर गमावणारे विरळा, बाकीचे जन्मापासून असेच. एकाच घरात एकाहून जास्त जण सापडतात, असंही दिसून आलं आहे.

मराठीत याला काय म्हणावं? आपल्याकडे चर्मचक्षू आणि मनश्चक्षू अशी छान जोडी आहे, त्यामुळे काही जण 'मनाचं आंधळेपण' म्हणायला जातात. मला ते पटत नाही. का, ते पुढच्या भागात.

४. वीज गेलेलं घर

रात्री अचानक वीज गेली आहे. डोळ्यांत बोट घातलं तरी दिसत नाही असा अंधार. तुम्ही पलंगावरून उठता, चार पावलांवर दाराची चौकट चाचपता, डावीकडे वळता, फ्रीजला वळसा घालता आणि ओट्याच्या वरच्या फळीवरून काडेपेटी काढता. दिसलं काहीच नाही. तरी घर तुम्हाला पाठ होतं. कुठे काय आहे, कशाच्या शेजारी काय आहे, किती अंतरावर आहे.

आता कल्पना करा की आठवणीच्या घरात कायमच वीज गेलेली आहे आणि तरी माणूस तिथे न अडखळता वावरतोय. ताईचं मन असं आहे.

तिला मी विचारलं, "तुझ्या माहेरच्या घराला खिडक्या किती?" झीमन यांच्या त्या २१ जणांनाही असाच प्रश्न विचारला होता. हा प्रश्न आला की मी मनात त्या घराभोवती चक्कर मारतो आणि बघून मोजतो. ताईनं क्षणभर बोटं हलवली. "माजघराला दोन, स्वयंपाकघराला एक, वरती जिन्यावरची धरून तीन. सहा." "कशा मोजल्यास?" "मोजायच्या कशाला? आहेत त्या माहीत आहेत." मी मोजल्या त्या पाच. जिन्यावरची माझ्या चित्रात आलीच नव्हती.

एका खिडकीवरून सिद्धान्त मांडू नये, पण शिकागो विद्यापीठातल्या विल्मा बेनब्रिज आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग याच वाटेवरचा आहे. लोकांना खोल्यांचे फोटो दाखवले, मग फोटो काढून घेतला आणि आठवून चित्र काढायला सांगितलं. चित्रं दिसणाऱ्यांनी जास्त वस्तू काढल्या, त्यात रंग भरले. अफँटेशिया असलेल्यांनी वस्तू कमी काढल्या, कधी तर चित्राऐवजी नुसतं नाव लिहिलं, 'खिडकी', 'खुर्ची'. पण काढलेल्या वस्तू कुठे आहेत आणि केवढ्या आहेत, हे दोन्ही गटांचं सारखंच अचूक होतं. शिवाय खोलीत नसलेल्या वस्तू घुसडण्याची चूक अफँटेशियावाल्यांनी कमी केली.

म्हणजे आपण ज्याला सरसकट 'आठवणं' म्हणतो, त्यात निदान दोन कप्पे आहेत. वस्तू कशी दिसते याचा एक, ती कुठे आहे याचा दुसरा. पहिला कप्पा चित्र म्हणून उघडत नाही, दुसरा व्यवस्थित उघडतो. आणि पहिल्यातलीही माहिती हरवलेली नसते. आंबा केशरी असतो हे ताईला ठाऊक आहे, पायरी आणि हापूस ती समोर आल्यावर बिनचूक ओळखते. म्हणून मला आंधळेपणाचा शब्द नको वाटतो.

मग चित्र का उमटत नाही? आपण बघतो तेव्हा खबर डोळ्यांकडून डोक्याच्या मागच्या भागाकडे जाते आणि तिथून पुढे, अर्थ लावणाऱ्या भागांकडे. कल्पना करताना वाट उलटी: पुढचे भाग हुकूम सोडतात आणि मागचा दृष्टीचा भाग त्यावरून चित्र उभं करतो. पश्चिम महाराष्ट्रात ज्यांनी उपसा सिंचन योजना पाहिली आहे त्यांना हे चटकन कळेल. नदी आपल्या उतारानं वाहतच असते, ते झालं बघणं. तेच पाणी पंप लावून चढावरच्या शेतात न्यायचं, ते झालं मनात आणणं. कुणाचा पंप दणदणीत, कुणाचा थेंब थेंब, कुणाचा चालूच होत नाही. नदी तिघांचीही सारखीच भरलेली. ज्यांना चित्रं फार ठसठशीत दिसतात त्यांच्या मेंदूत पुढचे आणि मागचे भाग अधिक घट्ट जोडलेले आढळले आहेत.

आणि स्वप्नं? अफँटेशिया असलेल्या बहुतेकांना स्वप्नं चित्रांचीच पडतात. ताईलाही पडतात. स्वप्न म्हणजे आपोआप पडणारा पाऊस, त्याला पंप लागत नाही.

५. कशावरून?

वाचकांमधला संशयी माणूस एव्हाना चुळबुळ करत असेल. "दिसत नाही असं लोक म्हणतात. कशावरून? शब्दांचाच घोळ असेल." शंका रास्त आहे. पहिल्या भागात आपण पाहिलंच की शब्द फसवतात. मग माणसाच्या तोंडाला न विचारता त्याच्या शरीरालाच विचारलं तर?

उन्हात गेलं की बाहुली आकसते आणि अंधारात रुंदावते, हे आपण आरशात पाहिलेलं असतं. ते आपल्या हातात नसतं. चित्रं दिसणाऱ्या माणसानं नुसती उजळ वस्तू मनात आणली तरी त्याची बाहुली किंचित आकसते. सिडनीतल्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठात जोएल पिअरसन यांच्या गटानं २०२२ मध्ये हे अफँटेशियावाल्यांवर करून पाहिलं. खरीखुरी उजळ आकृती समोर आली की त्यांच्या बाहुल्या इतरांसारख्याच आकसत. मनात आणायला सांगितलं की उजळ आणि काळी यांत फरकच पडेना. मग ही माणसं नुसती स्वस्थ बसली होती का? तेही तपासलं. एकाऐवजी चार आकृत्या मनात आणायला सांगितल्यावर त्यांच्या बाहुल्या रुंदावल्या, मनाला कष्ट पडले की रुंदावतात तशा. म्हणजे ती मनापासून प्रयत्न करत होती. पंपाचं बटण दाबलं जात होतं, पाणी चढत नव्हतं.

त्याच गटानं २०२१ मध्ये अंधाऱ्या खोलीत लोकांना पडद्यावर भीतिदायक गोष्टी वाचायला दिल्या. समुद्रात पोहताना शार्क, कोसळणारं विमान, असल्या. आपण घाबरलो की तळहाताला जो सूक्ष्म घाम सुटतो तो मोजला. चित्रं दिसणाऱ्यांचा आलेख गोष्टीबरोबर चढत गेला, अफँटेशियावाल्यांचा जवळजवळ सपाट राहिला. पण भीतिदायक फोटो दाखवल्यावर दोघेही सारखेच घाबरले. काळीज दोघांकडे आहे. फक्त कागदावरच्या अक्षरांपासून काळजापर्यंत जाताना बहुतेकांची वाट चित्रांवरून जाते.

६. रोजचं जगणं

कादंबरीतलं निसर्गवर्णन आलं की ताई पानं उलटते. शाळेत तिला यासाठी बोलणी बसली होती. संवाद मात्र ती चवीनं वाचते. कादंबरीवर सिनेमा आला आणि "नायिका माझ्या मनात होती तशी नाही" अशी तक्रार घरात झाली की तिला काय बिनसलं तेच कळत नाही.

चेहऱ्यांची गोष्ट जास्त नाजूक आहे. अफँटेशिया असलेल्या काहींना चेहरे ओळखणं अवघड जातं, काहींना स्वतःच्या आयुष्यातले प्रसंग तपशिलानं आठवत नाहीत. सगळ्यांना नाही. ताई माणूस समोर आला की ओळखते. पण तिच्या वडिलांना जाऊन अकरा वर्षं झाली, आणि त्यांचा चेहरा तिला मनात आणता येत नाही. पूर्वी तिला वाटायचं की वडिलांवर आपली माया कमी पडली. इतरांना चेहरा 'दिसतो' हे कळलं त्या संध्याकाळी ती बराच वेळ गप्प होती. तिला वडिलांचं काय आठवतं? दारात वहाणा काढताना ते उजवा पाय आधी झटकायचे. त्यांच्या धोतराला कातरलेल्या सुपारीचा वास यायचा. खोकल्याची ढब. हे सांगताना तिचा आवाज बदलतो, चित्र असो वा नसो.

ध्यानधारणेच्या वर्गात 'समोर ज्योत आणा' म्हटलं की अशा माणसांची पंचाईत होते. एड कॅटमुल यांची तीच झाली. ते 'पिक्सार' या अॅनिमेशन कंपनीच्या संस्थापकांपैकी एक. ध्यानाच्या एका प्रकारात डोळे मिटून गोळा मनात आणायचा होता. त्यांना काहीच दिसेना. पुढे त्यांनी कंपनीतल्या सहकाऱ्यांना चाचणी दिली, तेव्हा उत्तम चित्रकारांमध्येही मनात चित्र न दिसणारे निघाले. 'द लिटल मर्मेड'मधली एरियल ही जलपरी रेखाटणारे ग्लेन कीन यांनाही काढण्याआधी काही दिसत नाही. त्यांची आकृती कागदावरच घडत जाते, एका रेषेवरून पुढची रेष सुचत.

हे वाचून मी ताईला विचारलं, "रांगोळी काढायच्या आधी तुला ती दिसते का?" तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी दूध तापायच्या आधी साय कुठे असते असं विचारलं. "पंधरा ते आठ ठिपके घातले की पहिली रेघ कुठून न्यायची ते बोटाला कळतं. ती काढली की दुसरी कळते."

मुलांच्या बाबतीत मात्र जपायला हवं. अॅबॅकसच्या वर्गात काही दिवसांनी खरी मण्यांची पाटी काढून घेतात आणि मनातली पाटी बघून गणित करायला सांगतात. ज्या मुलाला ती पाटी दिसतच नाही, त्याला 'लक्ष नाही' म्हणून ओरडा खावा लागतो. आधी विचारावं, "तुला मणी दिसतात का?" नसतील दिसत तर त्याला बोटं हलवू द्यावीत, बोलत बोलत मोजू द्यावं.

परवा ताई आली होती. मी हे प्रकरण तिला वाचून दाखवलं. माहेरच्या खिडक्यांपर्यंत तिनं ऐकून घेतलं आणि मग मधेच थांबवलं.

"तू आंबा मनात आणलास ना? मी तर इथे समोर बसलेय. मग तो आंबा नेमका कुठे असतो? माझ्या पुढे, का मागे?"

मी डोळे उघडे ठेवून आंबा आणून पाहिला. तो ताईच्या पुढे नव्हता, मागेही नव्हता. कपाळाच्या आत म्हणावं तर तसंही नव्हतं. दिसत होता हे नक्की, पण त्याला जागा सापडेना.

"सांगता येत नाही," मी म्हणालो.

"आणि म्हणे मला दिसत नाही," असं म्हणून तिनं विळी ओढली आणि आंबे चिरायला घेतले.